स्पॉटरनं नेमकं बघायचं काय? (आरसी म्हणजे रिमोटवरचं विमान, शेतात उडवतो)

तापीकाठ (चोपडा तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे पण ज्यांनी वर्षानुवर्षं विमानं उडवलीयत त्यांनी वाचून उत्तर द्या, मला खरंच गरज आहे.

माझ्याकडं फोमचं ट्रेनर आहे, म्हणजे शिकाऊ लोकांसाठीचं विमान, पंख वरच्या बाजूला, पंखांची लांबी १४०० मिमी, बॅटरीवर चालणारं. गहू निघाला की आमचा चार एकराचा तुकडा मोकळा होतो, तिथं उडवतो. एका अंगाला केळी, समोरच्या अंगाला विहीर आणि तिच्याजवळ जुनी बाभूळ, पूर्वेला गाडरस्ता, पश्चिमेला शेजाऱ्यांचा बांध. यूट्यूबवर सगळे सांगतात स्पॉटर ठेवा, म्हणजे उडवणाऱ्याच्या मदतीला लक्ष ठेवणारा माणूस, म्हणून चुलतभावाला सोबत नेतो. म्हणजे तो शेजारी उभा राहतो आणि मधून मधून मोबाईलवर शूटिंग करतो, एवढंच.

मागच्या रविवारी संध्याकाळी वारा पश्चिमेचा होता म्हणून लँडिंगला गाडरस्त्याच्या बाजूनं खाली आणत होतो. थ्रॉटल (मोटरचा जोर) जवळजवळ बंद, विमान बरोबर लाईनीत, मी खूश. तेवढ्यात रस्त्यावर शेजारचे आबा बैलगाडी घेऊन आलेले, गाडीत कडबा. मला गाडी दिसली तेव्हा विमान त्यांच्या डोक्यावर दहा-बारा फुटांवर होतं. मी फुल थ्रॉटल मारला, त्या आवाजानं बैल बुजाडले, आबांनी कासरा हाताला गुंडाळून मागं ओढून धरला म्हणून गाडी चारीत गेली नाही. आबांचं वय सत्तरच्या वर. विमान पुढं केळीत जाऊन पडलं, ते जाऊ द्या, विंग चिकटवली. पण कासऱ्यानं आबांचा तळहात सोलला होता तो मी बघितला. संध्याकाळी घरी जाऊन माफी मागून आलो, ते काही बोलले नाहीत, चहा पाजला, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नंतर भावाला विचारलं, तुला गाडी दिसली नाही का रे, तर म्हणे मी विमानाकडंच बघत होतो, तूच तर सांगितलं होतं विमानावर नजर ठेव. खरंय, मीच सांगितलं होतं. म्हणजे दोघांचे चार डोळे एकाच ठिकाणी.

तर स्पॉटरनं बघायचं काय आणि कुठं, आणि बोलायचं काय? आमच्याकडं क्लब नाही, शिकवणारं कोणी नाही, जे आहे ते व्हिडिओ बघून.

---

बाल्सावाला_धुळे

आबा आणि बैल दोघं ठीक आहेत हे वाचून आधी जिवात जीव आला.

भाऊ, तुझं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. विमानाकडं बघायचं काम पायलटचं. चाकं उचलली की टेकेपर्यंत त्यानं नजर काढायचीच नाही. ट्रेनर ताशी ५०-६० किमीनं जातं, म्हणजे सेकंदाला १४ ते १७ मीटर. तीन सेकंद मान वळवली की ते ४०-५० मीटर पुढं गेलेलं असतं, परत सापडल्यावर येतंय का जातंय हे कळायला अजून वेळ. म्हणून पायलटला बाकीचं काही दिसत नाही आणि दिसूही नये. गाडी, माणूस, गुरं, मोटरसायकल, घार, खरं विमान, हे सगळं स्पॉटरच्या वाट्याचं. त्यानं मॉडेलकडं, म्हणजे आपल्या छोट्या विमानाकडं, फक्त अधूनमधून बघायचं, ते कुठं आहे आणि पुढं कुठं जाणार हे कळण्यापुरतं. उतरवताना तर मॉडेल ज्या वाटेनं येणार ती वाट जमिनीवर आधी बघायची, गाडरस्ता दोन्ही टोकांपर्यंत.

आकाश बघण्याची पण पद्धत आहे, मला ती उशिरा कळली. नजर सरसर फिरवली तर काही दिसत नाही, डोळा थांबतो तेव्हाच बघतो. खऱ्या वैमानिकांना शिकवतात तसं १० अंशाचा एक तुकडा घ्यायचा, निदान सेकंदभर थांबायचं, मग पुढचा तुकडा. हात लांब करून मूठ धर, मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. आणि मोकळ्या निळ्या आकाशात डोळ्याला धरायला काही नसलं की फोकस आपोआप जवळ येऊन बसतो, लांबचं दिसेनासं होतं, म्हणून मधून मधून लांबच्या झाडाकडं बघायचं. तुमच्याकडं तर सातपुड्याची रांगच आहे.

दुसरी गोष्ट, ही भावाला नक्की सांग. जे विमान आकाशात सरकताना दिसतं ते बहुतेक बाजूनं जातं. जे एकाच जागी टांगल्यासारखं दिसतं आणि नुसतं मोठं होत जातं, ते तुमच्याकडं येतंय. आपल्याकडं जळगाव, धुळे, शिरपूर, तिन्ही ठिकाणी वैमानिकांचं ट्रेनिंग चालतं, शिकाऊ विमानं दिवसभर शेतांवरून जातात. २०२१ च्या जुलैत तुमच्याच तालुक्यात वर्डीकडं ट्रेनिंगचं विमान पडलं होतं, इन्स्ट्रक्टर गेले, ते तुमच्याकडं कोणी विसरलं नसेल. त्याचा मॉडेलशी काही संबंध नव्हता, पण त्या विमानांत आपल्यासारख्याच घरातली पोरं बसलेली असतात एवढं डोक्यात ठेवायचं. ट्रेनिंगला वापरतात तसलं सेस्ना विमान ताशी २०० किमीच्या वर जातं, एक किलोमीटर सोळा-सतरा सेकंदात. मॉडेल आणि ते एकाच उंचीवर आहेत का हे खालून कळत नाही, लहान जवळचं आणि मोठं लांबचं सारखंच दिसतं. म्हणून अंदाज बांधत बसायचं नाही, दिसलं की मॉडेल खाली.

आता बोलायचं काय. एक शब्द कायमचा बंद करा: 'बघ'. 'अरे बघ बघ' म्हटलं की पायलट बघतो, आणि बघितलं की त्याचं विमान हरवतं. 'अरे अरे अरे' पण बंद, त्यातून काहीच कळत नाही. स्पॉटरनं काय दिसलं हे सांगायच्या आधी काय करायचं ते सांगायचं. 'वर जा.' 'खाली घे.' 'विहिरीकडं वळ.' मग श्वास घेऊन कारण, 'रस्त्यावर गाडी आहे.' त्या दिवशी तुझ्या भावानं पाच सेकंद आधी नुसतं 'वर जा' म्हटलं असतं तरी तुझं विमान गाडीपासून साठ-सत्तर मीटर अलीकडंच चढायला लागलं असतं, आणि बैलांना कदाचित कळलंही नसतं.

डावं-उजवं शक्यतो वापरू नका. कोणाचं डावं? तुझं, त्याचं, का विमानाचं? विमान तोंडाकडं येत असताना तर पायलटच्या डोक्यात आधीच उलटसुलट चालू असतं. तुझ्या शेतात देवानं चार खुणा दिल्यायत, विहीर, केळी, बांध, गाडरस्ता. त्याच वापर.

---

अमळनेरची_ताई

मी स्वतः उडवत नाही, दादासाठी स्पॉटर म्हणून उभी राहते, यंदा चौथं वर्ष. त्यामुळं उभं राहणाऱ्याच्या बाजूनं सांगते.

उभं कुठं राहायचं हे कोणी सांगत नाही. मी दादाच्या एक पाऊल मागं, खांद्याला खांदा लागेल न लागेल एवढ्या अंतरावर असते. पुढं उभं राहिलं तर त्याच्या नजरेच्या आड येतं, आणि लांब उभं राहिलं तर वाऱ्यात आवाज जात नाही. मोबाईल पर्समध्ये, शूटिंग अजिबात नाही. भाऊ तुमच्या भावाचं शूटिंग पहिलं बंद करा, स्क्रीनमध्ये बघणाऱ्याला गाडरस्ता दिसूच शकत नाही.

आम्ही घरात अहिराणी बोलतो, मैदानावर पण तेच. 'खाले ले' म्हटलं की त्याचे अंगठे लगेच हलतात, 'डिसेंड' म्हटलं तर आधी डोक्यात भाषांतर होतं. जी भाषा घाबरल्यावर तोंडात येते तीच वापरा. आणि एक ठरलेलं आहे, मी 'उतरव' म्हटलं की त्यानं उतरवायचं, का ते खाली आल्यावर विचारायचं. मी लहान बहीण आहे, एरवी घरात माझं कोण ऐकतं, पण तिथं ऐकतो. चार वर्षांत दोनदा विनाकारण उतरवायला लावलं असेल, त्यानं एकदाही टोमणा मारला नाही म्हणून मी अजून बिनधास्त बोलते. स्पॉटरवर चिडलात ना, की पुढच्या वेळी तो बोलायच्या आधी विचार करत बसतो आणि तिथंच वेळ जातो.

एक प्रसंग सांगते. आभाळ आलेलं, विमान लांब गेलं, वरून पांढरं खालून पण पांढरं, आणि दादा एकदम गप्प झाला. मला त्याच्या मानेवरून कळतं, मान ताठ होते आणि अंगठे बारीक बारीक हलायला लागतात. त्याला येतंय का जातंय कळत नव्हतं. मी विचारलं 'दिसतंय का', तो काही बोलला नाही. मग मी म्हटलं 'थ्रॉटल कमी, विहिरीकडं वळवून बघ', त्यानं रिमोटची स्टिक दिली, मला पंख कलताना दिसला, विमान विहिरीकडं गेलं, म्हणजे कंट्रोल बरोबर, 'आता नाक आपल्याकडं' असं बोलत बोलत आणलं. तो गप्प होता तेव्हा मी तेच शब्द तीनदा म्हटले, नवीन काही नाही. घाबरलेल्या माणसाला नवीन शब्द देऊ नयेत. त्या रात्री पंखांच्या खालच्या बाजूला काळे जाड पट्टे मारले, आता लांबून पोट दिसतंय का पाठ ते लगेच कळतं.

वेळ पण मीच सांगते, दर दोन मिनिटांनी. आणि घार वर घिरट्या घालायला लागली की आम्ही उतरवतो, प्रोपेलर लागून ती पडली तर बघवणार नाही.

---

यार्डवाला_भुसावळ

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी शिकताना एक ओळखीचे काका स्पॉटर म्हणून उभे असायचे आणि ते अखंड बोलायचे, एलेव्हेटर दे, आता सोड, वारा आला, जास्त झालं. माझी दोन विमानं त्यांच्या बोलण्यानं गेली असं मी आजही म्हणतो. नवशिक्याला स्पॉटर नको, बडी बॉक्स पाहिजे, म्हणजे दोन रिमोट जोडायचे आणि चुकलं की शिकवणाऱ्यानं स्विच सोडून कंट्रोल आपल्याकडं घ्यायचा. रिकाम्या शेतात एकट्यानं शांतपणे उडवणं मला जास्त सेफ वाटतं.

---

बाल्सावाला_धुळे

यार्डवाला भो, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे पण ते काका स्पॉटर नव्हते, ते मास्तर होते. स्पॉटरनं स्टिकबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. बडी बॉक्स उत्तमच, मी पोराला त्यावरच शिकवलं, पण त्यातली अडचण बघा, शिकवणाऱ्याची नजर पण विमानावरच असते, कारण त्याला कधीही कंट्रोल घ्यावा लागतो. म्हणजे परत चार डोळे एकाच ठिकाणी. तिथं तर तिसरा माणूस लागतो.

चांगला स्पॉटर अख्ख्या फ्लाइटमध्ये पाच-सहा वाक्यं बोलतो. 'मैदान मोकळं.' 'चार मिनिटं.' 'रस्ता मोकळा, ये.' बाकी शांतता. ती शांतता असते म्हणूनच त्याचा आवाज आला की कान टवकारतात.

आणि रिकामं शेत असं काही नसतं हो खान्देशात. मार्चमध्ये गहू हरभरा निघाला की मेंढरं बसतात, कोणी शॉर्टकटनं मोटरसायकल घालतो, पाण्याच्या पाळीवाला रात्री-पहाटे कधीही मोटर चालू करायला येतो. पंधरा वर्षांपूर्वी मी ग्लो इंजिनवालं (इंधनावर चालणारं) विमान उडवायचो तेव्हा एकटा असताना मॉडेल पायात धरून स्टार्ट केलं, ते पुढं सरकलं, उजव्या हाताच्या दोन बोटांवर प्रोपेलर. सात टाके. तेव्हापासून इंजिन चालू करताना मॉडेल मागून धरायला माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि तो प्रोपेलरच्या मागंच राहणार, पुढं किंवा प्रोपेलरच्या रेषेत नाही. इलेक्ट्रिकला पण तेच लागू, बॅटरी जोडली की ते विमान चालूच आहे असं समजायचं, कपड्याची बाही थ्रॉटलला लागली तरी फिरतं.

जुन्या रिमोटमध्ये क्रिस्टल घालून चॅनेल ठरायचा, त्या काळात तर स्पॉटरचं पहिलं काम असायचं की मैदानावर त्याच चॅनेलचा दुसरा ट्रान्समीटर (रिमोट) कोणी चालू करत नाही ना, नाहीतर सिग्नल एकमेकांत मिसळायचे. ते संकट २.४ गिगाहर्ट्झच्या नव्या रिमोटनं संपवलं, बाकीची कामं तशीच आहेत.

---

एफपीव्ही_नंदुरबार

एफपीव्हीवाल्यांसाठी, म्हणजे व्हिडिओ गॉगल लावून विमानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवणाऱ्यांसाठी, एक मुद्दा, कारण तिथं उलटं होतं. वर बाल्सावाला दादांनी सांगितलं की स्पॉटरनं मॉडेलकडं कमी बघायचं, ते नुसत्या डोळ्यांनी उडवणाऱ्यासाठी बरोबर आहे. एफपीव्हीमध्ये पायलटला फक्त कॅमेऱ्यासमोरचं दिसतं, मागं बाजूला काय आहे काही कळत नाही, त्यामुळं मॉडेल नजरेत ठेवणं पण स्पॉटरवरच येतं. अमेरिकेत छंद म्हणून उडवणाऱ्यांच्या कायद्यातच आहे, विमान पायलटच्या नजरेत पाहिजे, नाहीतर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आणि त्याच्याशी थेट बोलू शकणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेत. शेजारी उभा हे महत्त्वाचं, फोनवरून नाही.

आपल्याकडं ड्रोन रूल्स २०२१ मध्ये मॉडेलची व्याख्याच अशी आहे की २५ किलोच्या आतलं, शिक्षण, संशोधन, डिझाइन, टेस्टिंग नाहीतर करमणुकीसाठीचं, आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. म्हणजे नजरेबाहेर गेलं की ते मॉडेल राहतच नाही. आणि उडवण्याआधी डिजिटल स्कायचा (सरकारची ड्रोनची वेबसाइट) नकाशा बघा, ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. धुळे जळगाव शहराजवळच्यांनी हे जास्त बघावं.

आमच्याकडं आता कापसावर, मिरचीवर फवारणीचे ड्रोन पण असतात. ते पिकावर खालीच उडतात, पण त्यांचा ऑपरेटर आणि औषध भरणारी माणसं बांधावर असतात आणि त्यांची नजर त्यांच्या ड्रोनवर असते, तुमच्या विमानावर नाही. माझा स्पॉटर आधी जाऊन त्यांना सांगून येतो, किती वेळ चालणार विचारतो, ते संपेपर्यंत आम्ही बसतो.

अजून एक, उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४४-४५ जातं, आम्ही साडेआठच्या आत गुंडाळतो. पायलट मजेत असतो, स्पॉटर बिचारा सूर्याच्या दिशेला पण बघत असतो. टोपी, उन्हाचा गॉगल, पाणी त्याला आधी द्या, आणि दोन-तीन फ्लाइटनंतर माणूस बदला, थकलेले डोळे उघडे असतात पण बघत नाहीत.

---

तापीकाठ (चोपडा तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी जाऊन आलो, ते सांगतो.

आधी बॅटरी न जोडता भावाला घेऊन शेताला एक चक्कर मारली. बाजू ठरवल्या, विहीर, केळी, बांध, रस्ता. शब्द ठरवले, वर जा, खाली घे, उतरव, मोकळं. त्याला गाडरस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत नेलं, तेव्हा कळलं की मी उभा राहतो तिथून रस्त्याचा खालचा वळणाचा भाग केळीमुळं दिसतच नाही. गेली दोन वर्षं तिथंच उभा राहतोय. आज जागा बदलली, वीस पावलं विहिरीकडं सरकलो, आता दोघांना रस्ता पूर्ण दिसतो.

टायमर नऊ मिनिटांचा होता तो सहावर आणला, कारण उतरताना परत वर जायला सांगितलं तर बॅटरीत जीव पाहिजे ना.

दुसऱ्याच फ्लाइटला टायमर वाजला, मी रस्त्याकडून लाईन धरली आणि भाऊ म्हणाला, 'वर जा.' मी गेलो. मग म्हणाला, 'रस्त्यावर मेंढरं, लई आहेत, विहिरीवर गोल मार.' खरं सांगतो, मी मान वळवली नाही. विहिरीवर गोल मारत राहिलो, मला नुसत्या घंट्या ऐकू येत होत्या आणि तो दर थोड्या वेळानं सांगत होता, अजून आहेत, अजून आहेत, कुत्रं मागं राहिलंय, गेलं, रस्ता मोकळा, ये. उतरवलं तेव्हा बॅटरी सेलला ३.६ व्होल्टवर होती, म्हणजे संपत आलेली. धूळ अजून रस्त्यावर तरंगत होती.

आबांकडं पण जाऊन आलो, हात बरा आहे. रविवारी कधी उडवणार ते आदल्या दिवशी सांगत जा म्हणाले, गाडी तेव्हा काढणार नाहीत. मी म्हटलं तुम्ही काढा आबा, आम्ही थांबू.

एक शेवटचं विचारतो. पुढच्या महिन्यात मित्र त्याचं विमान घेऊन येतोय, दोघं एकदम उडवलं तर भाऊ एकटा दोघांसाठी चालेल का?

---

बाल्सावाला_धुळे

नाही. एका पायलटला एक. 'वर जा' म्हटल्यावर दोघं वर जातील आणि तिथंच भेटतील. दुसरा माणूस मिळाला नाही तर आळीपाळीनं उडवा, ज्याचं विमान जमिनीवर आहे तो दुसऱ्यासाठी रस्त्याकडं बघेल.

---

अमळनेरची_ताई

भावाला माझ्याकडून शाब्बास सांगा. कुत्रं मागं राहिलंय हे पण सांगितलं त्यानं.